इतर

टेबलावर दोन कागद. एकावर विमान,
खालच्या ढगांवर सावली टाकत निघालेलं,
आणि तळाशी मुंगीच्या अक्षरांत:
वर्षाला एकशे एकोणचाळीस डॉलर.
दुसरा कागद राखाडी. त्यावर काहीच उडत नाही.
फी नाही. शंभर खर्चले की एक परत. बस्स.

बाहेर फेब्रुवारी. थंडर बेला तो असा येतो
जणू परत जायचं त्याला कुणी सांगितलंच नाही.
कार्ड आता माझ्या एकटीच्या नावावर होणार.
कुठलं हवं, शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणते बँक.

आर्वोचं विमानाचं होतं. नऊ वर्षं त्याने मैल जमवले.
पेट्रोलचे मैल, बर्फाच्या फावड्याचे मैल,
माझ्या रूट कॅनालचे दुप्पट मैल,
कारण दुप्पट पुढच्या महिन्यात मिळणार होते
आणि तोवर मी दाढ धरून बसले होते.
हॉकीच्या पोरांचे चौदा पिझ्झा,
चर्चच्या छताचा पत्रा,
सगळं स्वतःच्या कार्डावर, लोकांकडून रोख घेऊन.
आवळा देऊन कोहळा काढतोय, असं त्याला वाटायचं.
कंपनीलाही तसंच वाटत असणार.
थेंबे थेंबे तळं साचतं, म्हणायचा,
आणि खिडकीतून तळं दिसायचंच,
पलीकडचा काठ नसलेलं, गोठलेलं.

इथे रस्ते किलोमीटरमध्ये मोजतात
आणि स्वप्नं मैलांत.

पर्थला आमचा यारी. त्याची लेक ऐनो, सहा वर्षांची.
मी झोपायला निघते तेव्हा तिचं दुपारचं जेवण झालेलं असतं.
फोनवर विचारते,
मुम्मो, तुझ्याकडे अजून कालच आहे का?

दोन तिकिटांना एकवीसशे मैल कमी होते
तेव्हा ऑक्टोबर आला.
हिवाळ्याचे टायर चढवता चढवता आर्वो
जरा टेकतो म्हणाला गॅरेजात.
तीन झाले होते.
चौथा शेजारच्या मार्सेलने चढवला,
त्याचे त्याला कुणी मैल दिले नाहीत.

कंपनीतली बाई फोनवर फार हळू बोलली.
दुःखात सहभागी आहोत. मैल मात्र
नावाबरोबर जातात.
कुठे जातात, मी विचारलं.
ती गप्प. मागे कुणीतरी टाइप करत होतं.

मी शाळेची बस चालवते, तेवीस वर्षं,
दिवसाला शहाण्णव किलोमीटर.
एकदा गुणाकार केला डेपोत, पोरं उतरल्यावर:
पृथ्वीला दहा फेऱ्या, वर थोडं.
मफलर आणि एकेकटे हातमोजे सोडले
तर काही जमलं नाही.

यारी म्हणतो, सोपं आहे गं,
वर्षाला बावीस हजारांवर खर्च असेल तर विमानाचं घे,
नाहीतर साधं.
मी बिलं काढली. सोळा हजार चारशे.
एकटीला बटाटे असे किती लागतात.
बावीस आणि सोळाच्या मधे जी जागा उरते
तिथे आर्वो बसायचा,
पाय हीटरवर, पावत्या मांडीवर.

गुरुवारी फोन लावला. साधं द्या.
पलीकडे तरुण मुलगा, सर्दी झालेला.
विमानाचं बंद का करताय, कारण लिहावं लागतं.
त्याच्याकडे यादी होती. वाचली त्याने:
फी परवडत नाही?
परवडते.
सेवेबद्दल तक्रार?
नाही.
प्रवास कमी झाला?
नाही रे बाबा, जुलैत जाणार आहे,
शाळा बंद असते तेव्हा,
पुरते पैसे मोजून, दूध आणतात तसं.
तिथे त्या वेळी हिवाळा, म्हणे.
असू दे. कोट आहे.

तो थांबला. नाक ओढलं.
मग मी 'इतर' लिहू का, म्हणाला.
लिही, म्हटलं.
आणि राहवलं नाही म्हणून विचारलं,
तिथे आणखी काही लिहायला जागा असते का?
असते, म्हणाला. चाळीस अक्षरं.